तारामाशाच्या जीवाश्माला नवी जाती केव्हा म्हणावे?

धागाकर्ता

तारामाशाचा अखंड जीवाश्म क्वचितच मिळतो आणि ही दुर्मीळताच त्याच्या वर्गीकरणातील बहुतेक अडचणींच्या मुळाशी आहे. तारामाशाचे कंकाल सलग नसते. कॅल्साइटच्या शेकडो, काही वेळा हजारो सुट्या पट्टिका स्नायूंनी आणि संयोजी ऊतीने एकत्र बांधलेल्या असतात. प्राणी मेल्यावर या ऊती कुजतात आणि थोड्याच दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, पट्टिका विखुरतात. त्यामुळे अखंड तारामासा खडकात टिकायचा असेल, तर तो जिवंतपणी किंवा मरताक्षणीच गाळाच्या जाड थराखाली गाडला जावा लागतो. स्कॉटलंडमधील गिर्व्हनजवळचा ऑर्डोव्हिसियन काळातील लेडी बर्न थर किंवा जर्मनीतील बुंडेनबाख परिसरातील डेव्होनियन काळातील हुन्सरुक स्लेट ही ठिकाणे प्रसिद्ध आहेत ती अशा जलद दफनामुळेच.

याचा परिणाम असा की अनेक जीवाश्म जाती (स्पीशीज) एकाच किंवा दोन-चार नमुन्यांवर उभ्या आहेत. एका नमुन्यात प्राण्याचे एकच वय दिसते, बहुधा एकच बाजू दिसते आणि मरताना भुजा जशा वळल्या असतील तीच ठेवण दिसते. अभ्यासक जेव्हा म्हणतो की हा नमुना ज्ञात जातींपेक्षा वेगळा आहे, तेव्हा तो वेगळेपणा जातीचा आहे, वयाचा आहे की जीवाश्म होण्याच्या प्रक्रियेचा आहे, हे त्याला दाखवावे लागते. माझ्या मते नव्या जातीचा दावा हा मुळात तुलनेचा दावा आहे. नमुना कितीही सुंदर किंवा विचित्र असला, तरी ज्यांच्याशी त्याची तुलना करायची त्या जातींचे मूळ नमुने पाहिले गेले नसतील, तर तो दावा अपुरा राहतो.

आणखी एक गोष्ट मला वारंवार जाणवते. जाती नवी आहे हे ठरवणे आणि ती कोणत्या वंशात (जीनसमध्ये), कुलात किंवा वर्गात बसते हे ठरवणे, ही दोन वेगवेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम पहिल्यापेक्षा कितीतरी अस्थिर असते. तरीही बातम्यांमध्ये ही दोन्ही कामे एकाच वाक्यात उरकली जातात आणि वाचकाला दोन्हींची खात्री सारखीच वाटते. तारामाशांच्या बाबतीत कोणती लक्षणे भरवशाची मानावीत आणि कोणती मानू नयेत, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

प्रतिसाद: आधी हा तारामासाच आहे ना?

आपण जातीपासून सुरुवात केली आहे, परंतु पुराजीव महाकल्पातील (ऑर्डोव्हिसियन, सिल्युरियन, डेव्होनियन हे काळ ज्यात येतात त्या प्राचीन कालखंडातील) नमुना हाती असेल तर त्याआधी एक पायरी येते. पाच भुजांचा प्रत्येक जीवाश्म तारामाशाचा नसतो. आजच्या समुद्रात तारामासा आणि भंगुरतारा, म्हणजेच ब्रिटल स्टार, यांच्यातील फरक सहज कळतो. तारामाशाच्या भुजा शरीराच्या मध्यभागातून रुंद होऊन निघतात आणि त्याच्या नलिकापादांची, म्हणजे नळीसारख्या लहान पायांची, खोबण खालच्या बाजूने उघडी असते. भंगुरताऱ्याच्या भुजा गोल तबकडीपासून स्पष्टपणे वेगळ्या दिसतात, खोबण पट्टिकांनी झाकलेली असते आणि भुजेच्या आत पट्टिकांच्या जोड्या एकजीव होऊन मणक्यांसारखे भाग तयार झालेले असतात.

ऑर्डोव्हिसियन आणि सिल्युरियन काळातील प्राण्यांमध्ये हे फरक असे ठळक नाहीत. त्या काळच्या भंगुरताऱ्यांमध्ये खोबणीच्या पट्टिका बहुधा एकजीव झालेल्या नव्हत्या आणि पुष्कळांची खोबण उघडी होती. म्हणून तिथे बाह्य आकारावर भिस्त ठेवता येत नाही. खोबणीच्या दोन्ही बाजूंच्या पट्टिका समोरासमोर आहेत की एकाआड एक सरकलेल्या आहेत, नलिकापादाची खाच एकाच पट्टिकेवर आहे की दोन पट्टिकांमध्ये वाटली गेली आहे, तोंडाभोवतीच्या पट्टिकांची रचना कशी आहे, हे पाहावे लागते. तारामाशात या पट्टिका समोरासमोर असतात, तर प्राचीन भंगुरताऱ्यांत त्या बहुधा सरकलेल्या असतात.

याशिवाय तिसरा गट आहे सोमॅस्टेरॉइड प्राण्यांचा. या गटाला विल्यम किंग्डन स्पेन्सर यांनी १९५१ मध्ये नाव दिले. फ्रान्सच्या दक्षिणेतील मॉन्तान्य न्वार भागातून मिळालेले चिनियानॅस्टर आणि व्हिलेब्रुनॅस्टर हे त्याचे परिचित सदस्य आहेत. यांच्या भुजा पाकळीसारख्या रुंद होत्या आणि खोबणीच्या प्रत्येक पट्टिकेपासून बाहेरच्या दिशेने काडीसारख्या लहान पट्टिकांची रांग निघत असे. या रांगांना व्हर्गल असे म्हणतात. नमुन्यात व्हर्गल दिसत असतील, तर तुलना तारामाशांच्या जातींशी करून चालणार नाही, कारण तुलनेचा संचच बदलतो.

प्रतिसाद: वाढीमुळे बदलणारी लक्षणे

माझ्या दृष्टीने या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग वाढीचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तारामाशाच्या प्रत्येक भुजेच्या टोकाला एक अग्रपट्टिका असते. प्राणी वाढतो तेव्हा खोबणीच्या आणि कडेच्या नव्या पट्टिका या अग्रपट्टिकेच्या लगत तयार होतात. म्हणजे भुजेच्या टोकाजवळच्या पट्टिका सर्वांत तरुण असतात आणि तोंडाजवळच्या किंवा दोन भुजांच्या बेचक्यातल्या पट्टिका सर्वांत जुन्या असतात. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे कडेच्या पट्टिकांची संख्या हे स्वतंत्र लक्षण म्हणून वापरता येत नाही, कारण बहुतेक जातींमध्ये ती आकाराबरोबर वाढत जाते. एका नमुन्यात प्रत्येक बाजूला आठ पट्टिका आणि दुसऱ्यात बारा, हा फरक दोन जातींचा असू शकतो किंवा एकाच जातीच्या लहान-मोठ्या प्राण्यांचा असू शकतो. दुसरी म्हणजे पट्टिकांच्या आकाराची तुलना करताना भुजेवरची जागा सारखीच असली पाहिजे. बेचक्यातल्या पट्टिकेची तुलना दुसऱ्या प्राण्याच्या टोकाकडच्या पट्टिकेशी केली, तर जुन्या आणि तरुण पट्टिकेतला फरक जातीचा फरक म्हणून नोंदला जातो.

हीच गोष्ट मोठ्या आणि लहान त्रिज्यांच्या गुणोत्तराची. मध्यापासून भुजेच्या टोकापर्यंतची त्रिज्या आणि मध्यापासून बेचक्यापर्यंतची त्रिज्या यांचे गुणोत्तर जवळजवळ प्रत्येक वर्णनात दिलेले असते, आणि ते उपयुक्तही आहे, कारण त्यातून प्राणी पंचकोनी आहे की लांब भुजांचा आहे हे एका आकड्यात कळते. परंतु अनेक जातींमध्ये पिल्ले पंचकोनी असतात आणि वयाबरोबर भुजा लांबतात. त्यामुळे एकाच नमुन्याचे गुणोत्तर फारसे काही सांगत नाही. वेगवेगळ्या आकाराचे अनेक नमुने उपलब्ध असतील, तर हे गुणोत्तर आकाराच्या संदर्भात आलेखावर मांडून पाहावे. नवा नमुना ज्ञात जातीच्या वाढीच्या रेषेवर पडतो की तिच्या बाहेर, हे त्यावरून ठरवता येते.

आजच्या प्राण्यांमध्येही या कारणाने गफलती झाल्या आहेत. कुल्सिटा या वंशातील प्रौढ तारामासा फुगीर उशीसारखा असतो, तर त्याची पिल्ले चपटी आणि पंचकोनी असून त्यांच्या कडेच्या पट्टिका ठळक दिसतात. पूर्वी अशा पिल्लांना वेगळी नावे दिली गेली होती. जिवंत प्राण्यांच्या बाबतीत मधल्या अवस्थांचे नमुने गोळा करून हा घोळ निस्तरता येतो. जीवाश्मांच्या बाबतीत मधल्या अवस्था मिळतीलच असे नाही, म्हणून तिथे अधिक सावधगिरी हवी.

भुजांच्या संख्येबाबतही एक इशारा द्यावासा वाटतो. एरवी पाच भुजा असणाऱ्या जातीत अधूनमधून चार किंवा सहा भुजांचा प्राणी आढळतो आणि तुटलेली भुजा पुन्हा उगवताना लहान दिसते. अशा एकट्या नमुन्यावर नवी जाती स्थापू नये. याउलट सोलॅस्टरसारख्या वंशात किंवा हुन्सरुक स्लेटमधील हेलियांथॅस्टरमध्ये अनेक भुजा हे नियमित लक्षण आहे आणि तिथे त्याला अर्थ आहे.

धागाकर्ता

वाढीविषयीचे हे विवेचन फार मोलाचे आहे. त्यातून पुढचा प्रश्न साहजिकच निघतो: संख्या आणि प्रमाण इतकी बदलती असतील, तर अभ्यासकाने आधार कशाचा घ्यायचा? मला वाटते की पट्टिकेच्या पृष्ठभागावरील खुणा, सांध्यांच्या कडा आणि काट्यांच्या बैठका यांचा. काटा जिथे टेकतो तिथे पट्टिकेवर विशिष्ट आकाराचा उंचवटा किंवा खळगा असतो, आणि काटा गळून गेला तरी ती जागा शिल्लक राहते. या खुणा वाढीबरोबर मोठ्या होतात, त्यांची संख्याही काही वेळा वाढते, परंतु त्यांची मूळ घडण सहसा टिकून राहते. यावर कोणाचे वेगळे मत असल्यास वाचायला आवडेल.

प्रतिसाद: सुट्या पट्टिकांचे महत्त्व

धागाकर्त्यांच्या मताशी मी सहमत आहे आणि त्याच्या पुष्टीसाठी क्रेटेशियस काळातील खडूच्या खडकांकडे पाहावे असे सुचवतो. इंग्लंडमधील चॉकच्या थरांत अखंड तारामासे मिळतात, पण सुट्या पट्टिका त्याहून कितीतरी विपुल आहेत. तेथील तारामाशांवरचा मोठा प्रबंध स्लेडन यांनी सुरू केला आणि त्यांच्या निधनानंतर स्पेन्सर यांनी १९०८ पर्यंत पूर्ण केला. स्पेन्सर यांनी सुट्या सीमांत, म्हणजे कडेच्या, पट्टिकांचाही वर्गीकरणासाठी मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. पुढे अँड्र्यू गेल आणि इतरांनी हेच काम अधिक काटेकोरपणे नेले.

सीमांत पट्टिका जाड आणि टणक असल्यामुळे चांगल्या टिकतात. मेटोपॅस्टर या वंशाचे उदाहरण घ्या. त्यात कडेच्या वरच्या रांगेतील पट्टिका थोड्याच असतात आणि टोकाकडची शेवटची पट्टिका लक्षणीय मोठी असते. अशी एक सुटी पट्टिका सापडली तरी वंश ओळखता येतो. शिवाय सुट्या पट्टिकेच्या सर्व बाजू पाहता येतात, जे अखंड नमुन्यात शक्य नसते. अखंड नमुन्यात सांध्याच्या बाजू शेजारच्या पट्टिकांनी झाकलेल्या असतात, आणि वर्गीकरणाची कित्येक उपयुक्त लक्षणे नेमकी तिथेच असतात. शेकडो सुट्या पट्टिका एका थरातून मिळाल्या, तर जातीअंतर्गत विविधतेचा अंदाजही बांधता येतो.

यातली जोखीम अशी की एकाच प्राण्याच्या अंगावर अनेक प्रकारच्या पट्टिका असतात आणि त्या सुट्या मिळाल्या की त्यांना दोन वेगळी नावे पडू शकतात. म्हणून सुट्या पट्टिकेवर नवी जाती स्थापताना ती भुजेवरील कोणत्या जागेची आहे, हे आधी निश्चित झाले पाहिजे. जागा निश्चित करता येत नसेल, तर नाव देऊ नये.

प्रतिसाद: खडकात नेमके काय टिकले आहे?

वरील सर्व चर्चा पट्टिका प्रत्यक्ष उपलब्ध आहेत असे गृहीत धरून चालली आहे. अनेकदा तसे नसते. पुराजीव महाकल्पातील वालुकाश्मांमध्ये कॅल्साइट विरघळून जाते आणि फक्त पोकळ साचा उरतो. अशा साच्यात लॅटेक्स ओतून त्याची प्रतिकृती काढतात आणि तिच्यावर अमोनियम क्लोराइडचा पांढरा थर देऊन छायाचित्रे घेतात, म्हणजे रंगामुळे होणारा दृष्टिभ्रम टळतो आणि बारीक उंचसखलपणा उठून दिसतो. प्रतिकृती चांगली निघाली तर ती विरलेल्या मूळ पट्टिकांहून अधिक सांगते. मात्र खडकाच्या दोन पृष्ठभागांवर प्राण्याच्या दोन बाजूंचे साचे असतील, तर ते दोन्ही पाहिल्याशिवाय वर्णन पूर्ण मानता येत नाही.

त्याहून वेगळा प्रकार म्हणजे माग. तारामासा किंवा भंगुरतारा वाळूत बसला, पुरला गेला आणि पुन्हा निघून गेला, तर मागे ताऱ्याच्या आकाराचा ठसा राहतो. अशा ठशांना ॲस्टेरियासाइटिस म्हणतात. त्यात पट्टिका नसतात, भुजांवर आडव्या बारीक रेषा असतात, आणि त्या रेषा पट्टिकांच्या रांगा समजल्या गेल्या तर मोठी दिशाभूल होते. मागांना दिलेली नावे प्राण्याच्या शरीरावर आधारलेल्या नावांशी अग्रक्रमासाठी स्पर्धा करत नाहीत, असे प्राणिशास्त्रीय नामकरणाच्या संहितेत स्पष्ट म्हटले आहे. हाती असलेला तारा शरीर आहे की माग, हा प्रश्न म्हणूनच केवळ तपशिलाचा नाही.

विकत घेतलेल्या नमुन्यांविषयीही लिहिणे भाग आहे. तुटलेल्या भुजा दुसऱ्या नमुन्यातून आणून चिकटवणे, हरवलेला भाग कोरणे किंवा रंगवणे हे जीवाश्मांच्या बाजारात घडते. गोंद आणि भराव अनेकदा अतिनील प्रकाशात वेगळे चमकतात, म्हणून वर्णनाआधी ही तपासणी करावी. ज्या नमुन्याचा नेमका थर आणि स्थळ माहीत नाही, त्यावर नवी जाती उभारणे मला योग्य वाटत नाही, कारण पुढच्या अभ्यासकाला त्याच थरातून आणखी नमुने शोधता येत नाहीत.

प्रतिसाद: खडक न फोडता आत पाहणे

एक पुरवणी जोडतो. हुन्सरुक स्लेटमधील प्राणी पायराइटमय (पायराइट या लोहयुक्त खनिजाचे) झालेले असल्यामुळे क्ष-किरणांत स्पष्ट दिसतात. विल्हेल्म श्ट्युर्मर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या स्लेटच्या पाट्यांची क्ष-किरण छायाचित्रे काढून खडकाच्या आत दडलेले तपशील उजेडात आणले. आता सूक्ष्म सीटी स्कॅन उपलब्ध आहे आणि पट्टिकांचा व खडकाचा घनतेतील फरक पुरेसा असेल, तर झाकलेल्या बाजूही पाहता येतात. चुनखडीत रुतलेल्या कॅल्साइटच्या पट्टिकांच्या बाबतीत मात्र हा फरक फारच कमी असतो आणि तिथे स्कॅन निराश करतो.

इंग्लंडमधील हेरेफर्डशर येथील सिल्युरियन ज्वालामुखी राखेतल्या गोळ्यांमधून मिळालेल्या ब्डेलाकोमा या प्राण्याचे २००५ मध्ये झालेले वर्णन विलक्षण आहे, कारण त्यात नलिकापादांसारखे मऊ भागही त्रिमितीत जतन झालेले आढळले. ती प्रतिमा मिळवण्यासाठी नमुना थराथराने घासून प्रत्येक थराचे छायाचित्र घेतले जाते. त्यात मूळ नमुना नष्ट होतो आणि मागे अंकीय प्रतिमाच उरते. मिळालेली माहिती पाहता ही किंमत मला मान्य आहे, पण पुढच्या पिढीला नमुना पुन्हा तपासता येणार नाही हेही तितकेच खरे आहे.

प्रतिसाद: नाव वैध होण्यासाठी

नामकरणाच्या औपचारिक बाजूवर थोडक्यात लिहितो, कारण ती गुंतागुंतीची वाटली तरी तिच्यातील अपेक्षा साध्या आहेत. प्राणिशास्त्रीय नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्यानुसार लेखकाने हे नाव नवे आहे असे स्पष्ट सांगितले पाहिजे, इतर जातींपासून वेगळी ठरवणारी लक्षणे शब्दांत दिली पाहिजेत, एक नमुना होलोटाइप (जातीचे नाव ज्याच्याशी कायमचे जोडले जाते तो मूळ नमुना) म्हणून निश्चित केला पाहिजे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे हे नमूद केले पाहिजे. केवळ चित्र देऊन भागत नाही. फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध होणाऱ्या लेखांना २०१२ पासून मान्यता आहे, परंतु त्यांची झूबँक या नोंदवहीत नोंद असावी लागते. दगड दुभंगून एकाच प्राण्याच्या दोन बाजू दोन तुकड्यांवर आल्या असतील, तर ते दोन्ही तुकडे मिळून एकच होलोटाइप होतो.

या संहितेत एक अशी अट आहे जिचा परिणाम धागाकर्त्यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर थेट होतो. जातीचे नाव वंशाच्या नावाशिवाय देताच येत नाही. म्हणजे जाती नवी आहे याची खात्री आहे, पण वंशाबद्दल शंका आहे, अशा स्थितीतही अभ्यासकाला कोणता तरी वंश निवडावा लागतो किंवा नवा वंश स्थापावा लागतो.

धागाकर्ता

नेमका हाच मुद्दा मला अधिक उलगडायचा होता आणि त्यासाठी एक अलीकडचे उदाहरण योग्य ठरेल. मोरोक्कोतील फेझुआटा शेल या सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतून मिळालेल्या एका सोमॅस्टेरॉइडचे वर्णन ॲरन हंटर आणि हाविएर ओर्तेगा-हर्नांदेझ यांनी २०२१ मध्ये कँटाब्रिजियॅस्टर फेझुआटाएन्सिस या नावाने केले. त्यात भुजांच्या कडेला चौकट करणाऱ्या पट्टिका नाहीत हे त्यांनी महत्त्वाचे मानले आणि त्यांच्या विश्लेषणात हा प्राणी इतर सर्व तारामासे व भंगुरतारे यांच्या शाखेला लागून, वंशवृक्षाच्या तळाशी आला. त्यानंतर लगेच डॅनियल ब्लेक आणि फ्रेडरिक हॉचकिस यांनी त्याच सामग्रीचे पुनर्वर्णन करून ही जाती स्पेन्सर यांच्या जुन्या व्हिलेब्रुनॅस्टर वंशात ठेवली.

या मतभेदात दोन्ही बाजूंनी फेझुआटाएन्सिस ही जाती वेगळी असल्याचे मान्य केले आहे. वाद आहे तो वंशाचा आणि वृक्षावरील स्थानाचा. मूळ लेखकांची नावे जातीच्या नावापुढे कायम राहतात, फक्त वंश बदलल्यामुळे ती कंसात जातात. जातीचे वर्णन नीट झाले असेल, तर वरच्या पातळीवर कितीही उलथापालथ झाली तरी ते निकामी होत नाही, हे यातून दिसते. म्हणूनच मला वाटते की लेखकाने आपला वेळ आणि पाने मुख्यतः पट्टिकांच्या वर्णनावर खर्च करावीत.

प्रतिसाद: वरच्या पातळ्यांवरील घाई

याच संदर्भात प्लॅटॅस्टेरियास लॅटिरेडियाटा या जिवंत तारामाशाची हकीकत आठवते. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळील या प्राण्याच्या भुजा पाकळीसारख्या रुंद आहेत आणि त्यांवर पट्टिकांच्या आडव्या रांगा आहेत. १९६२ मध्ये बॅरक्लफ फेल यांनी हा प्राणी म्हणजे ऑर्डोव्हिसियन काळातील सोमॅस्टेरॉइडांचा आजवर तगलेला वंशज आहे असे मांडले, आणि या कल्पनेने त्या वेळी मोठे कुतूहल निर्माण केले. १९६६ मध्ये मॅडसेन यांनी तिच्यावर आक्षेप घेतले. पुढे ब्लेक यांच्या कामानंतर तो प्राणी लुइडिया या सर्वपरिचित वंशाचाच सदस्य असल्याचे मान्य झाले. भुजांचे साम्य खरे होते, परंतु ते सामाईक पूर्वजाकडून आलेले नव्हते.

झायलोप्लॅक्सचीही कथा अशीच आहे. समुद्रतळाशी बुडालेल्या लाकडावर राहणाऱ्या या चकतीसारख्या लहानशा प्राण्यासाठी १९८६ मध्ये कंटकचर्मींचा (तारामासे आणि भंगुरतारे ज्यात येतात त्या प्राणिसंघाचा) एक संपूर्ण नवा वर्ग स्थापण्यात आला. नंतरच्या अभ्यासांत तो तारामाशांच्या वृक्षातच बसतो असे दिसले. दोन्ही उदाहरणांत प्राणी खरोखर असामान्य होते आणि जाती म्हणून वैध होते. प्राण्याच्या असामान्यपणावरून त्याची वर्गीकरणातील पातळी ठरवली गेली, तिथे घोटाळा झाला.

प्रतिसाद: वृक्ष कोणत्या लक्षणांवर उभा आहे?

वृक्षविश्लेषणाबद्दल आदर राखून एक शंका मांडतो. १९८७ मध्ये गेल आणि ब्लेक या दोघांनीही तारामाशांची स्वतंत्र वर्गीकरणे प्रसिद्ध केली. दोघेही कसलेले अभ्यासक, दोघांच्या समोर बरीचशी तीच सामग्री, आणि तरीही पॅक्सिलोसिडा या गणाविषयी त्यांचे निष्कर्ष विरुद्ध होते. या गणातील ॲस्ट्रोपेक्टेन आणि लुइडिया यांच्या नलिकापादांना चूषक नसतो आणि त्यांना गुदद्वारही नसते. गेल यांनी ही स्थिती आदिम मानून हा गण आजच्या तारामाशांच्या तळाशी ठेवला. ब्लेक यांच्या मते वाळूत आणि चिखलात राहण्याच्या सवयीमुळे आलेला तो उत्तरकालीन बदल होता. रेणवीय (डीएनएवर आधारित) अभ्यासांत पुढे हा गण तळाशी न येता इतर तारामाशांच्या एका मोठ्या शाखेच्या आत येऊ लागला.

मुद्दा असा की जीवाश्माच्या लक्षणांची सारणी बनवताना कोणते लक्षण आदिम आहे, याविषयीचे मत त्यात नकळत उतरते. त्यात भर म्हणून पर्मियन काळाच्या अखेरीस, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, झालेल्या महाविनाशाच्या अलीकडचे आणि पलीकडचे तारामासे यांच्यात मोठी दरी आहे. जर्मनीच्या मुशेलकाल्क थरांतील ट्रायासिक काळचा ट्रायकॅस्टेरॉप्सिस आजच्या तारामाशांच्या जवळचा आहे, परंतु त्याच्या आणि पुराजीव तारामाशांच्या मधले नमुने अगदी तुरळक आहेत. या दरीच्या पलीकडच्या नव्या जातीला आजच्या एखाद्या कुलात बसवण्याचा मोह टाळावा.

प्रतिसाद: जीवाश्म जाती म्हणजे नेमके काय?

आतापर्यंत सर्वांनी जाती ही गोष्ट जीवाश्मातून पूर्णपणे ओळखता येते असे धरले आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर क्रिप्टॅस्टेरिना पेंटॅगोना आणि क्रिप्टॅस्टेरिना हिस्टेरा या दोन जाती राहतात. पहिलीच्या अळ्या समुद्रात तरंगतात, तर दुसरी उभयलिंगी असून पिल्लांना शरीरातच वाढवते. बाह्य रूपात या दोन्ही जवळजवळ सारख्या आहेत. यांचे जीवाश्म झाले असते, तर कोणीही त्यांना एकच जाती म्हटले असते. तेव्हा जीवाश्म जातींची मोजदाद ही नेहमीच कमी असण्याची शक्यता आहे, आणि नव्या जातींबाबत इतकी सावधगिरी दाखवल्याने आपण खरी विविधता दडपत तर नाही ना, असा प्रश्न पडतो.

धागाकर्ता

हा प्रश्न रास्त आहे. पट्टिकांच्या घडणीत उमटत नसलेला फरक जीवाश्मात दिसणार नाही, ही मर्यादा स्वीकारूनच हे काम करावे लागते. पण जो फरक दिसतच नाही त्याची भरपाई म्हणून, दिसणाऱ्या पण संशयास्पद फरकांना नावे देणे मला मान्य नाही. पहिल्यामुळे संख्या कमी भरते, दुसऱ्यामुळे ती खोटी भरते, आणि चुकीचे नाव एकदा प्रसिद्ध झाले की ते पुढच्या प्रत्येक यादीत, प्रत्येक विविधतेच्या आलेखात शिरते.

नमुना वेगळा वाटतो पण पुरेसा नाही, अशा वेळी नाव न देता वर्णन प्रसिद्ध करण्याची पद्धत आहेच. वंश निश्चित असेल आणि जाती ठरत नसेल, तर वंशाच्या नावापुढे केवळ अनिश्चित जाती असे लिहितात. ज्ञात जातीसारखा दिसतो पण खात्री नाही, तेव्हा त्या जातीशी तुलनीय असे नोंदवतात, आणि जवळचा पण बहुधा वेगळा असेल तर सदृश असे. अशा नोंदीत प्रत्येक पट्टिकेचे वर्णन, मोजमापे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे, थराची आणि स्थळाची माहिती द्यावी आणि नमुना सार्वजनिक संग्रहात ठेवावा. त्याच थरातून दुसरा, वेगळ्या वयाचा नमुना पुढे मिळाला, तर वाढीची रेषा काढता येईल, आणि तेव्हा जो कोणी ते काम हाती घेईल त्याला होलोटाइप निवडण्यासाठी दोन नमुने समोर असतील.